घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर कसा निवडावा

एअर कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून टाकीत साठवणारे यंत्र. लोहाराचा भाता आणि सायकलचा पंप ही त्याची साधी भावंडे. भाता हवा ढकलतो, पण साठवत नाही. पंप हवा दाबतो, पण हात थांबला की तीही थांबते. कॉम्प्रेसरमध्ये हाताचे काम मोटर करते आणि दाबलेली हवा टाकीत जमा होते. मग तीच हवा टायरमध्ये भरता येते, कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकलेली घाण उडवते, रंगाची गन चालवते आणि गंजून बसलेला नट सोडवणारा इम्पॅक्ट रेंच फिरवते.

पूर्वी हे यंत्र पंक्चरच्या दुकानात, सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा कारखान्यातच दिसायचे. आता बंगल्याच्या पार्किंगमध्ये, घरामागच्या शेडमध्ये, कोकणातल्या घराच्या पडवीतही लहान कॉम्प्रेसर आढळतो. जुन्या स्कूटरची डागडुजी, लाकडी फर्निचर, छोटे रंगकाम अशा छंदांना त्याची मोठी मदत होते. मात्र खरेदी करताना बहुतेकांचे लक्ष टाकी किती लिटरची आणि मोटर किती हॉर्सपॉवरची, एवढ्यावरच असते. घेतलेले यंत्र हव्या त्या कामाला पुरेल की नाही, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी तिसराच आकडा पाहावा लागतो: यंत्र दर मिनिटाला प्रत्यक्षात किती हवा देते.

यंत्र चालते कसे

घरगुती वापराचे जवळजवळ सगळे कॉम्प्रेसर पिस्टनचे असतात. मोटर क्रँकशाफ्ट फिरवते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होतो. तो खाली येताना फिल्टरमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. वर जाताना ती दाबली जाऊन पातळ पट्टीच्या व्हॉल्व्हमधून टाकीकडे जाते. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे गेलेली हवा परत येत नाही.

टाकीतला दाब ठरलेल्या मर्यादेला, बहुधा ८ बारला, पोचला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. हवा वापरली जाऊन दाब साडेपाच-सहा बारपर्यंत उतरला की तोच स्विच मोटर पुन्हा सुरू करतो. मोटर बंद होताच ‘फुस्स’ असा छोटा आवाज येतो. पंपाच्या डोक्यात आणि टाकीकडे जाणाऱ्या नळीत अडकलेली हवा त्या वेळी अनलोडर बाहेर सोडतो. हा आवाज येणे महत्त्वाचे आहे. ती हवा सुटली नाही, तर पुढच्या वेळी मोटरला भरल्या दाबावर सुरू व्हावे लागते. ती नुसती घुमते, तापते आणि शेवटी जळू शकते.

हवा दाबली की तापते. ३० अंश तापमानाची हवा एकाच टप्प्यात ७ बारपर्यंत दाबली आणि ती वाटेत मुळीच थंड होऊ दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान २७० अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात सिलिंडरवरच्या पातळ पात्या आणि वारा बरीच उष्णता बाहेर टाकतात. तरी पंपापासून टाकीकडे जाणाऱ्या नळीला हात लावला तर भाजतो. म्हणूनच लहान कॉम्प्रेसर तासन्तास अखंड चालवायचे नसतात. अनेक घरगुती यंत्रांसाठी निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ विश्रांती असे प्रमाण धरलेले असते. माहितीपुस्तिकेत ते ‘ड्यूटी सायकल’ या नावाने दिलेले असते.

दाब, हवा आणि हॉर्सपॉवर

दाब मोजण्याची एकके दुकानागणिक बदलतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय, किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर हे एकक बारच्या जवळपास सारखेच. हवेवर चालणारी बहुतेक हत्यारे ९० पीएसआयवर, म्हणजे सुमारे ६.२ बारवर चालतात. घरगुती कॉम्प्रेसरचा कमाल दाब ८ बार, म्हणजे ११६ पीएसआय असतो. त्यामुळे दाबाची अडचण सहसा येत नाही. रंगाच्या गनला तर दोन-तीन बारच पुरतात आणि तेवढा दाब रेग्युलेटरने कमी करून घेता येतो.

अडचण येते ती हवेच्या प्रमाणात. हे प्रमाण मिनिटाला किती घनफूट, म्हणजे सीएफएममध्ये, किंवा मिनिटाला किती लिटर असे सांगतात. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८.३ लिटर. इथेच जाहिरातीतला आकडा नीट वाचावा लागतो, कारण हवेचे दोन आकडे असतात. पहिला पिस्टनच्या विस्थापनाचा: सिलिंडरचे घनफळ गुणिले मिनिटाचे फेरे. दुसरा ‘फ्री एअर डिलिव्हरी’चा, म्हणजे एफएडीचा: दाब असताना यंत्रातून खरोखर बाहेर येणारी हवा.

एका उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर, पिस्टनची चाल ४० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला २८५० फेरे असेल, तर विस्थापन मिनिटाला सुमारे १९८ लिटर, म्हणजे ७ सीएफएम येते. खोक्यावर हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पण दर फेऱ्याला सिलिंडरच्या टोकाशी थोडी दाबलेली हवा उरतेच, व्हॉल्व्ह व रिंगांमधून थोडी गळते आणि आत येणारी हवा गरम सिलिंडरमध्ये फुगते. त्यामुळे टाकीत प्रत्यक्ष जाणारी हवा विस्थापनाच्या साधारण ६० ते ७५ टक्के असते. ७ सीएफएमचे यंत्र हाताशी चार-पाच सीएफएमच देते. निवड याच दुसऱ्या आकड्यावर व्हायला हवी.

हॉर्सपॉवरचा उपयोग हा आकडा पडताळण्यापुरता. ६-७ बार दाबाला १ हॉर्सपॉवरमागे साधारण तीन-चार सीएफएम खरी हवा मिळते. २ हॉर्सपॉवरच्या यंत्रावर १२ सीएफएम लिहिलेले दिसले, तर तो आकडा विस्थापनाचा आहे किंवा फुगवलेला आहे, असे समजावे.

कोणत्या कामाला किती हवा

सर्वांत कमी हवा लागते ती टायरला. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते. दाब २५ वरून ३३ पीएसआयवर न्यायला सुमारे १७ लिटर मोकळी हवा पुरते. चारही टायरना मिळून ७० लिटर. २५ लिटरच्या लहान टाकीतही एवढी हवा असते. केवळ टायरसाठीच यंत्र हवे असेल, तर मोटारीच्या १२ व्होल्टवर चालणारा छोटा इन्फ्लेटर घ्यावा. त्यासाठी कॉम्प्रेसर घेण्याची गरज नाही.

खिळे मारणारी गन दर खिळ्याला थोडीच हवा घेते, म्हणून फोटोफ्रेम, प्लायवूडची बीडिंग, छोटे फर्निचर यांना लहान यंत्र चालते. बारीक चित्रकामाच्या एअरब्रशला अर्धा ते एक सीएफएम लागते. धूळ उडवणारी एअर गन सतत दाबून धरली तर बरीच हवा खाते. पण सहसा ती चार-पाच सेकंदच वापरली जाते.

अर्ध्या इंची चौकोनाच्या इम्पॅक्ट रेंचला ४ ते ५ सीएफएम लागते असे माहितीपत्रक सांगते. हा आकडा सरासरीचा असतो: मिनिटातून काही सेकंद रेंच फिरेल आणि बाकीचा वेळ पुढच्या नटाकडे जाण्यात जाईल, असे त्यात गृहीत धरलेले असते. ट्रिगर दाबलेला असताना तो याच्या कितीतरी पट हवा ओढतो. चाकाचे चार नट सोडवायला मध्यम टाकी पुरते. गंजलेला सस्पेन्शनचा बोल्ट मात्र दीर्घकाळ ठोकावा लागतो आणि तिथे लहान यंत्र हात टेकते.

रंगकामाला सलग हवा लागते. छोट्या टच-अप गनला ३ ते ५ सीएफएम पुरते. मोटारीच्या पॅनेलसाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या एचव्हीएलपी गनला मॉडेलनुसार ८ ते १४ सीएफएम लागते. या गनचा दाब कमी असतो, म्हणून तिला लहान यंत्र पुरेल असा समज होतो. प्रत्यक्षात तिचे वैशिष्ट्यच कमी दाब आणि भरपूर हवा हे आहे. हवेवर चालणाऱ्या गोल सँडरला दहाच्या आसपास, तर वाळूच्या फवाऱ्याने गंज काढणाऱ्या सँडब्लास्टरला दहापासून वीसच्याही पुढे सीएफएम लागते. ही दोन कामे घरगुती यंत्राच्या आवाक्याबाहेरची समजावीत.

पाटीवरचा हिशेब सोपा आहे. सर्वांत जास्त हवा खाणारे आणि सलग चालणारे एक हत्यार निवडावे, त्याच्या सीएफएमची दीडपट करावी आणि तेवढी एफएडी देणारे यंत्र शोधावे. हे उत्तर घरच्या विजेला झेपणार नाही असे असेल, तर हत्यारच बदलावे. विजेवर चालणारा ऑर्बिटल सँडर आणि बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच आज सहज मिळतात. हवेच्या हत्यारापर्यंत पोचताना मोटरने घेतलेल्या विजेचा दहा-वीस टक्के भागच काम म्हणून उरतो. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून जे काम थेट विजेवर होते, ते हवेवर करण्यात फायदा नाही.

टाकीचे गणित

मोठी टाकी म्हणजे जास्त हवा, हा समज सर्वत्र आहे. टाकी हवा तयार करत नाही. ती फक्त साठवते. घरातल्या पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे: पंप बारीक असेल तर गच्चीवरची टाकी कितीही मोठी असली तरी नळ उघडे ठेवल्यावर ती रिकामी होणारच.

समजा, टाकी ५० लिटरची आहे, यंत्राची खरी हवा ४ सीएफएम आहे आणि गनला ८ सीएफएम लागते. टाकीतला दाब ८ वरून साडेपाच बारवर येईपर्यंत तिच्यातून ५० गुणिले २.५, म्हणजे १२५ लिटर हवा निघते. गन मिनिटाला सुमारे २२६ लिटर घेते आणि यंत्र ११३ लिटर देते; म्हणजे दर मिनिटाला ११३ लिटरचा तुटवडा. १२५ लिटरचा साठा मिनिटभराहून थोडाच जास्त टिकतो. टाकी १०० लिटरची केली तर सव्वादोन मिनिटे मिळतात, पण नंतर ती भरायला वेळही दुप्पट लागतो.

स्कूटरचे एक साइड पॅनेल दोन मिनिटांत रंगवून होते. मोटारीचे बॉनेट तेवढ्यात होत नाही. मधेच दाब उतरतो, फवारा जाड होतो आणि रंगात पट्टे दिसतात. तेव्हा तुटक कामांसाठी टाकीचा आधार खरा आहे, सलग कामांसाठी नाही. घरगुती वापराला ५० लिटरची टाकी मध्यम ठरते. २५ लिटरची उचलून नेता येते. शंभरची एकदा ठेवली की तिथेच राहते.

तेलाचा की बिनतेलाचा

तेलाच्या कॉम्प्रेसरमध्ये क्रँककेसमध्ये तेल असते आणि ते सिलिंडरला वंगण देते. असा पंप टिकाऊ असतो, त्याच्या रिंगा व व्हॉल्व्ह बदलता येतात आणि गावातला मिस्त्रीही तो दुरुस्त करू शकतो. त्याला देखभाल मात्र हवी. काचेच्या खिडकीतून तेलाची पातळी पाहावी लागते, ठरलेल्या तासांनी तेल बदलावे लागते आणि ते कॉम्प्रेसरचेच असावे लागते. इंजिनचे तेल घातले तर गरम व्हॉल्व्हवर कार्बन जमतो. तेल दुधाळ दिसू लागले, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून ते लगेच बदलावे.

बिनतेलाच्या यंत्रात पिस्टनच्या रिंगा टेफ्लॉनसारख्या आपोआप घसरणाऱ्या पदार्थाच्या असतात. हवेत तेलाचा अंश येत नाही, म्हणून रंगकाम आणि एअरब्रशला ती चांगली. या प्रकारात दोन अगदी वेगळी यंत्रे मिळतात. एक स्वस्त आणि वेगाने फिरणारे, ज्याचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. दुसरे मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्यांवर चालणारे आणि ‘सायलेंट’ म्हणून विकले जाणारे, ज्याचा आवाज साठ ते सत्तर डेसिबलमध्ये राहतो. दुसरे महाग असते, पण इमारतीत राहणाऱ्यांना तेच परवडते.

मोटर आणि पंप जोडण्याचेही दोन प्रकार आहेत. थेट जोडलेला पंप मोटरच्याच वेगाने, म्हणजे मिनिटाला सुमारे २८५० फेऱ्यांनी फिरतो. यंत्र आटोपशीर आणि स्वस्त, पण आवाज व झीज जास्त. पट्ट्याच्या यंत्रात मोठ्या पुलीमुळे पंप सातशे ते हजार फेऱ्यांवर चालतो. त्याचा आवाज जाडा आणि सहन होण्याजोगा असतो, पंप कमी तापतो आणि वर्षानुवर्षे चालतो. पुलीवर जाळीचे संरक्षण आहे ना, हे पाहून घ्यावे. रोज तास-दोन तास काम होणार असेल आणि जागा असेल, तर पट्ट्याचे तेलाचे यंत्रच घ्यावे.

घरची वीज

२ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर साधारण ९ ते १० अँपिअर घेते आणि तासाला सुमारे दोन युनिट जाळते. सुरू होताना क्षणभर ती पाच ते सात पट प्रवाह ओढते. त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सुरू होतानाचा झटका सोसणारी सी प्रकारची एमसीबी आणि नीट केलेले अर्थिंग लागते. सिंगल फेजवर ३ हॉर्सपॉवर ही घरगुती मर्यादा मानावी. त्यापुढे थ्री फेज जोडणी घ्यावी. घराचा मंजूर भार किती आहे, हे वीजबिलावर छापलेले असते. यंत्र आणण्याआधी ते पाहावे.

घरी हमखास होणारी चूक म्हणजे लांब आणि बारीक एक्स्टेंशन बोर्ड. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते, मोटर पूर्ण वेगाला पोचत नाही आणि तिचे वाइंडिंग तापते. संध्याकाळी ज्या गावांत व्होल्टेज १८०-१९० पर्यंत उतरते, तिथेही हेच होते. काम लांब असेल तर वायर लांबवू नये, हवेची नळी लांबवावी. नळीचे आतले भोक ८ मिलिमीटर किंवा अधिक असावे. बारीक नळीत दाब वाटेतच हरवतो आणि चांगला रेंचही मरगळतो. घरचा छोटा इन्व्हर्टर असा कॉम्प्रेसर सुरू करू शकत नाही.

पावसाळा आणि टाकीतले पाणी

महाराष्ट्रात आणि गोव्यात कॉम्प्रेसरचा खरा शत्रू दमट हवा. ३० अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. जुलैत आर्द्रता ८० टक्के असली, तर तिच्यात २४ ग्रॅम पाणी आधीच असते. हीच हवा ७ बारपर्यंत दाबली की तिचे आकारमान आठव्या हिश्श्यावर येते आणि पुन्हा ३० अंशांपर्यंत थंड झाल्यावर तिच्यात चार ग्रॅमही वाफ मावत नाही. उरलेले २० ग्रॅम पाणी टाकीच्या तळाशी साचते. ४ सीएफएमचे यंत्र एकूण तासभर चालले, तर कपभर चहाएवढे, म्हणजे १३५ ते १४० मिलिलिटर पाणी टाकीत जमते.

हे पाणी दोन ठिकाणी घात करते. रंगाच्या गनमधून त्याचे थेंब उडाले की नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर फोड येतात. हवेबरोबर तेलाचा अंश गेला तर रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग उमटतात. कणकवलीत किंवा म्हापशात भर पावसात रंगवलेले मडगार्ड असे खराब झाले, तर दोष सहसा रंगाचा नसतो. दुसरा घात टाकीचा: पत्रा आतून गंजत जातो, बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो.

उपाय स्वस्त आहेत. काम संपले की टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढावे; थोडा दाब असताना उघडला तर पाणी जोरात निघून जाते. बाहेर आलेले पाणी तपकिरी असेल तर गंज सुरू झाला आहे. टाकी आणि गन यांच्यामध्ये पाणी अडवणारा फिल्टर व रेग्युलेटर बसवावा. फिल्टर टाकीला चिकटून बसवला तर गरम हवेतली वाफ त्यातून तशीच निघून जाते आणि पुढे नळीत थंड होऊन तिचे पाणी होते. म्हणून हवा थोडी थंड झाल्यावर, नळीच्या गनकडच्या बाजूला फिल्टर ठेवावा. हवेच्या रेंचला तेल लागते आणि रंगाच्या गनला ते मुळीच चालत नाही. त्यामुळे दोन्हींसाठी वेगळ्या नळ्या ठेवाव्यात.

जागा आणि आवाज

कॉम्प्रेसर सपाट जागी, रबरी पायांवर आणि भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवावा, म्हणजे पंख्याला वारा मिळतो. लाकडाचा भुसा, सिमेंटची धूळ आणि रंगाची वाफ यांपासून तो दूर हवा. भुशाने फिल्टर तुंबतो; थिनरची वाफ तर स्विचच्या ठिणगीने पेटू शकते. म्हणून रंगकाम एका बाजूला आणि यंत्र दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी असावी.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बहुतेक कॉम्प्रेसर जवळून यापेक्षा जास्त आवाज करतात. अंतर आणि भिंती आवाज कमी करतात, पण बंद पेटीत यंत्र कोंडले तर ते तापते. वस्तीतल्या घरात कामाची वेळ दुपारची ठेवावी आणि यंत्र निवडताना डेसिबलचा आकडाही पाहावा. यंत्राशेजारी सतत काम करणाऱ्याने कानाला इअरमफ लावावेत.

दाबलेल्या हवेचा धोका

८ बारला भरलेल्या ५० लिटरच्या टाकीत सुमारे ५० किलोज्यूल ऊर्जा असते. एक टन वजनाची मोटार पाच मीटर उंच उचलायला एवढीच ऊर्जा लागते. टाकी फुटली तर ती सारी एका क्षणात बाहेर पडते. म्हणून प्रत्येक टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो: प्रेशर स्विच बिघडला तरी तो जादा हवा सोडतो. त्याची कडी महिन्यातून एकदा ओढून तो मोकळा आहे ना, ते पाहावे. हा व्हॉल्व्ह गळतो म्हणून बोल्ट घालून बंद करणे म्हणजे टाकीचा बॉम्ब करणे होय.

गंजलेल्या टाकीला छिद्र पडले तर तिला वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. बाकीचा पत्राही तेवढाच पातळ झालेला असतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि जुना गॅस सिलिंडर जोडून घरी यंत्र बनवण्याचे प्रयोग होतात. तो सिलिंडर दमट हवा साठवण्यासाठी बनवलेला नसतो, त्याला तळाशी ड्रेन नसतो आणि आतला गंज कुणालाच दिसत नाही. असे यंत्र घरात असू नये. हवा नेण्यासाठी पाण्याचा पीव्हीसी पाइपही वापरू नये. दाबाखाली तो तडकला की त्याचे तुकडे उडतात.

हवेचा झोत अंगावर, कपड्यांवर किंवा केसांवर कधीही मारू नये. दाबलेली हवा जखमेतून त्वचेखाली शिरते, कानाचा पडदा फाडते. कामाच्या जागी थट्टेत दुसऱ्याच्या शरीरात हवा सोडल्याने आतडी फाटून माणसे दगावल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा नियमांत सफाईच्या हवेला ३० पीएसआयची मर्यादा आहे; घरीही तीच पाळावी. डोळ्यांवर चष्मा हवाच आणि लहान मुलांच्या हाती एअर गन जाता कामा नये.

दुकानात आणि जुन्या बाजारात

यंत्राची खरी हवा दुकानातच तपासता येते. हातात घड्याळ धरावे आणि सगळे नळ बंद करून टाकी भरू द्यावी. गेजचा काटा ५ वरून ८ बारवर जायला किती वेळ लागला, ते टिपावे. टाकीचे लिटर गुणिले वाढलेला दाब, भागिले मिनिटे: ही मिनिटाची खरी हवा. ५० लिटरच्या टाकीला दीड मिनिट लागले, तर ५० गुणिले ३, म्हणजे १५० लिटर भागिले दीड: मिनिटाला १०० लिटर, अर्थात साडेतीन सीएफएम. टाकीवर काहीही छापलेले असो, मानायचा तो हाच आकडा. मोटर बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून काटा खाली येतो का, तेही पाहावे. जोडांना साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी दिसते.

जुने यंत्र घेताना आधी टाकीच्या तळाचा ड्रेन उघडावा. तपकिरी पाणी आणि गंजाचे पापुद्रे आले, तर सौदा तिथेच सोडावा. टाकीवर क्षमता, दाब आणि बनवल्याचे वर्ष सांगणारी पट्टी हवी. शंका असेल तर टाकीची पाण्याने दाबचाचणी करून घ्यावी. या चाचणीत कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देतात. ती हवेने कधीच करत नाहीत, कारण पाणी हवेसारखे दबत नाही आणि टाकी फाटली तरी स्फोट होत नाही.

सुट्या भागांची सोय किमतीइतकीच महत्त्वाची आहे. भारतात या धंद्याला मोठी परंपरा आहे: पुण्याची किर्लोस्कर न्युमॅटिक १९५८ सालची, कोइमतूरची एल्जी १९६० सालची. मोठ्या गावांत पिस्टन कॉम्प्रेसरची जाण असलेले मिस्त्री भेटतात. रिंगा, व्हॉल्व्हच्या पट्ट्या, प्रेशर स्विच आणि कपॅसिटर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतील, असेच यंत्र घ्यावे. अनोळखी नावाचे स्वस्त यंत्र पहिल्याच बिघाडात भंगारात जाते.

कुणी कोणते घ्यावे

फक्त टायर आणि सायकलींसाठी इन्फ्लेटर पुरे. एअरब्रश, खिळ्यांची गन, धूळ उडवणे आणि इमारतीतले घर असेल, तर १ हॉर्सपॉवरच्या आसपासचे, २५ लिटरचे, कमी आवाजाचे बिनतेलाचे यंत्र घ्यावे. स्वतःची मोटारसायकल-मोटार दुरुस्त करणाऱ्याला, इम्पॅक्ट रेंच आणि छोटी रंगाची गन चालवायची असेल, तर २ हॉर्सपॉवर, ५० लिटर आणि निदान ५ सीएफएम एफएडी हे योग्य. पूर्ण मोटार रंगवण्याचा मानस असेल, तर ३ हॉर्सपॉवरचे पट्ट्याचे यंत्र आणि १०० लिटरची टाकी ही किमान गरज. त्यावरही कमी हवा घेणारी गनच वापरावी. सँडब्लास्टिंग बाहेरून करून घ्यावे.

घरच्या गॅरेजसाठी २ हॉर्सपॉवर आणि ५० लिटर ही जोडी बहुतेकांना पुरते. मात्र तिची खरी हवा घड्याळ लावून मोजलेली असावी आणि टाकीतले पाणी रोज काढले जावे.